हे पिलू कुठल्या अंड्यातून निघालं?

गेल्या पावसाळ्यात भाच्याबरोबर एका फ्लॅटवर गेलो होतो. पुण्याच्या वेशीवरचं उपनगर, दुसरा मजला, दाराबाहेर चपलांचा ढीग. आतल्या खोलीत पलंगाला लागून प्लास्टिकचे डबे एकावर एक रचलेले होते, बाजूंना भोकं पाडलेले. विकणारा पोरगा पंचविशीतला, बोलायला गोड. त्याने एक डबा उघडला आणि बॉल पायथनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या एका बिनविषारी अजगराचं, पिलू भाच्याच्या तळहातावर ठेवलं. मुठीएवढं वेटोळं, काळ्या-तपकिरी नक्षीचं, डोकं आत खुपसलेलं. भाचा विरघळलाच. "मामा, बघ ना, किती शांत आहे!"

मी डब्यातली पाण्याची वाटी उचलून खिडकीशी नेली. तळाशी मिरपूड सांडावी तसे काळे कण पडले होते. एक कण वाटीच्या कडेवरून चालत होता. हे माइट्स. सापाच्या खवल्यांखाली, डोळ्यांच्या कडेला बसून रक्त पिणारे बारीक किडे. मग पिलू कानाजवळ धरलं. श्वास घेताना आतून चिकचिक असा ओलसर आवाज येत होता, सर्दीने नाक चोंदलेल्या बाळाचा येतो तसा. शांत होतं ते आजारी होतं म्हणून.

"जन्म कधीचा?" मी विचारलं.

"दादा, आपल्याकडचा नाही. बाहेरून आलाय."

"बाहेरून म्हणजे?"

"पार्टी आहे आपली. माल एक नंबर असतो."

"आणि कागद?"

"परिवेशवर नोंदणी करून देतो. टेन्शन नका घेऊ." परिवेश म्हणजे सरकारचं ऑनलाइन नोंदणीचं पोर्टल.

आम्ही तसेच निघालो. भाचा जिना उतरेपर्यंत गप्प होता, खाली गाडीपाशी आल्यावर चिडून म्हणाला, "ठीक आहे, हा नको. मग तू सांग, चांगला निरोगी साप मिळतो कुठे?"

वीस वर्षं मी लोकांच्या घरातून नाग, घोणस, धामण, कवड्या बाहेर काढून रानात सोडतोय. हा प्रश्न मला आता महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणारी मुलं वाईट नसतात. त्यांना साप मनापासून आवडतो, आणि ज्या समाजात साप दिसला की काठी शोधली जाते तिथे ही आवड मला मोलाची वाटते. म्हणूनच उत्तर टाळणं बरोबर नाही. माझं उत्तर असं आहे की आज महाराष्ट्रात मी छातीवर हात ठेवून एकही पत्ता सांगू शकत नाही. आणि जोवर पिलू कुठल्या अंड्यातून निघालं हे विकणारा दाखवू शकत नाही, तोवर कुणीही विकत घेऊ नये.

यातला "दाखवू" हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. सांगणं पुरेसं नाही, कारण साप हा आजार लपवणारा प्राणी आहे. कुत्रं आजारी पडलं की जेवण सोडतं, कोपऱ्यात बसतं, मालकाला त्याच दिवशी कळतं. बॉल पायथन धडधाकट असतानाही दोन-दोन, चार-चार महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे तो खात नाही याचा अर्थ लावायलाच महिना जातो. त्यांच्यात पसरणारा सर्पंटोव्हायरस नावाचा श्वसनाचा विषाणू आहे. तो अंगात असलेला साप कित्येक महिने ठणठणीत दिसतो आणि तेवढ्या काळात शेजारच्या डब्यांतल्या सापांना आजार देऊन मोकळा होतो. बोआ आणि अजगरांना होणारा इन्क्लूजन बॉडी डिसीज हा विषाणूचाच आणखी एक आजार. त्यावरही औषध नाही. कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप, त्याच्या पोटात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी शिरला की साप खाल्लेलं ओकतो, जठराची भिंत जाड होत जाते, तो हळूहळू वाळतो. विकत घेताना दहा मिनिटं हातात धरून यातलं काहीही कळत नाही.

काही गोष्टी मात्र डोळ्यांना दिसतात आणि त्या बघायलाच हव्यात. पाठीचा कणा छपरासारखा वर आलेला नसावा, अंग गोलसर भरलेलं असावं. डोळे स्वच्छ असावेत, कात टाकताना डोळ्यावरचा पापुद्रा मागे राहिलेला नसावा. ओठांच्या कडेला फेस, चिकट लाळ किंवा पिवळट साका दिसला तर तोंड सडायला लागलंय किंवा फुफ्फुसात काहीतरी आहे. अवस्कर, म्हणजे शेपटीच्या सुरुवातीची फट, कोरडी आणि स्वच्छ हवी. हातात घेतल्यावर सापाने बोटांना पकड द्यावी, जीभ आतबाहेर करावी. लोंबकळणारा साप "माणसाळलेला" नसतो.

रंगाबद्दलही एक सांगायलाच हवं. स्पायडर नावाची बॉल पायथनची जात आहे, जात म्हणजे माणसाने निवडून निवडून तयार केलेली नक्षी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, दिसायला अप्रतिम. पण ज्या जनुकामुळे ती नक्षी येते त्यानेच आतल्या कानाची रचना बिघडते. असा साप मान सरळ धरू शकत नाही, डोकं गिरक्या घेतं, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. विकणारे सांगतात, "थोडी मान हलते, त्याला काही होत नाही." मी असा एक साप बघितलाय. पाण्याच्या वाटीकडे जाताना तो तीनदा उलटा झाला. ती नक्षी कुणी घरी आणू नये, फुकट मिळाली तरी.

तर डोळ्यांना दिसतं ते एवढंच. उरलेली खात्री त्या सापाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडून आणि त्याच्या वहीतून येते. आईबाप कोण, अंडी कधी घातली, पिलू कधी फुटलं, पहिलं खाणं कोणत्या तारखेला, कितीदा खाल्लं, कितीदा कात टाकली, वजन किती वाढलं. ज्याने पिलू स्वतः काढलंय त्याच्याकडे हे लिहिलेलं असतंच, कारण याशिवाय पैदास करताच येत नाही. ज्याच्याकडे ते नाही त्याने साप विकत आणून विकायला ठेवलाय.

आणि आपल्याकडे तो आणतो कुठून? डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाची बॅग उघडली. बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक होते. त्याच वर्षी जानेवारीत चेन्नई विमानतळावर बँकॉकहूनच आलेल्या बेवारस बॅगांमध्ये 45 बॉल पायथन निघाले, सोबत कॉर्न स्नेक, मार्मोसेट माकडं आणि कासवं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या एअर कार्गोत शोभेचे मासे म्हणून आलेल्या खोक्यांत 665 प्राणी सापडले, त्यातले 117 तिथेच मेलेले होते. सापडलेले एवढे. न सापडलेले त्या फ्लॅटमधल्या डब्यांसारख्या डब्यांत पोचतात.

त्या प्रवासाचा विचार करा. साप कापडी पिशवीत गाठ मारून कोंबलेला, दोन-दोन दिवस पाणी नाही, तापमान कधी विमानाच्या पोटातलं तर कधी टॅक्सीच्या डिकीतलं. वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेले साप एकमेकांना चिकटून. एकाच्या अंगावरचे माइट्स सगळ्यांवर, एकाची सर्दी सगळ्यांना. पुण्यात पोचल्यावर आठवडाभरात विकायचे असतात, कारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते मरायला लागतात. ज्या पिलाला माझ्या भाच्याने हातात घेतलं होतं, ते जगलं असेल असं मला वाटत नाही.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन या देशांतून 1975 नंतर तीस लाखांहून जास्त साप पाळण्यासाठी म्हणून बाहेर गेले. त्यातले बरेचसे ज्याला तिथे रँचिंग म्हणतात त्या पद्धतीचे. रानातून अंडी किंवा अंडी धरलेल्या माद्या आणायच्या, पिलं फुटली की परदेशी पाठवायची. हे पिंजऱ्यात जन्मलेलं पिलू म्हणून विकलं जातं, पण त्याची आई रानातून उचललेली असते. म्हणून "कॅप्टिव्ह ब्रेड आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. आई कुठे आहे ते विचारा, आणि बघायला मागा.

आता कायद्याकडे येतो, कारण "नोंदणी करून देतो" हे वाक्य मुलांना फसवतं. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने एक सवलत जाहीर केली. विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून नोंद केली तर त्याचे कागदपत्र मागितले जाणार नव्हते. हेतू चांगला होता, देशात काय काय आहे ते कळावं असा. पण चोरून आलेल्या प्राण्याला नाव-गाव मिळवून देण्याची सोयही त्यातूनच झाली. पुढे वन्यजीव कायद्यात 2022 ची दुरुस्ती आली. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि वन्य जीवांच्या व्यापारावरच्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्या आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. बॉल पायथन तिथे परिशिष्ट 2 मध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची, हस्तांतर झालं, पिलं झाली, प्राणी मेला तरी कळवायचं.

इथवर ठीक आहे. पण दोन भोकं उघडी आहेत. पैदास करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो तो परिशिष्ट 1 मधल्या, म्हणजे नामशेष व्हायच्या धोक्यातल्या प्राण्यांसाठी. बॉल पायथन परिशिष्ट 2 मध्ये असल्यामुळे त्याची पैदास करणाऱ्याला तो परवाना लागत नाही. आणि कॉर्न स्नेक सायटिसच्या कुठल्याच परिशिष्टात नाही, म्हणजे चौथ्या अनुसूचीतच नाही. बॉल पायथननंतर इथे सगळ्यात जास्त मागणी त्याच सापाला आहे आणि त्याच्यासाठी ही नोंदणीसुद्धा बंधनकारक नाही. नोंदणीचा कागद सांगतो की हा साप आज या माणसाकडे आहे. तो कुठून आला हे तपासायला कुणी घरी येऊन अंडी मोजत नाही. दोन माद्यांची नोंद असलेला माणूस दर वर्षी हवी तितकी "पिलं" दाखवू शकतो. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण चार ते आठ अंडी घालते. एवढा साधा हिशोब कुणी धरला तरी खोटं उघडं पडेल.

म्हणून माझी मागणी अशी की वन खात्याने आणि केंद्रीय मंत्रालयाने सापांच्या पैदाशीलाही परवाना लावावा, परिशिष्ट कुठलंही असो. परवानाधारकाच्या घरी वर्षातून एकदा तरी माणूस जावा. नोंदणीत सापाच्या पाठीच्या नक्षीचा फोटो घ्यावा. बॉल पायथनची नक्षी दर सापाची वेगळी असते, बोटांच्या ठशांसारखी, आणि मोठेपणीही ओळखता येते. आईबापांच्या नोंदणीचा क्रमांक पिलाच्या नोंदणीत असावा. विक्रीच्या जाहिरातीत तो क्रमांक नसेल तर जाहिरातच बेकायदेशीर ठरावी. यात खर्चिक असं काही नाही. फोन सगळ्यांकडे आहेत.

यावर मला जे उत्तर मिळतं ते मी गांभीर्याने घेतो. साप पाळणारे माझे काही मित्र म्हणतात, "अरे, इथेच नीट पैदास होऊ दे, म्हणजे तस्करी आपोआप थांबेल." यात तथ्य आहे. इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत हजारो लोक घरात कॉर्न स्नेक काढतात आणि तिथे तो साप रानातून आणायचं कुणाला कारण उरलेलं नाही. पण तिथेही बॉल पायथनचा आफ्रिकेतून होणारा पुरवठा थांबलेला नाही. पैदास वाढली तशी हौस वाढली, नवनवीन नक्षींची भूक वाढली, आणि स्वस्त पिलं आफ्रिकेतून येतच राहिली. नुसती पैदास तस्करी मारत नाही. त्यासोबत हिशोब लागतो.

लंडन किंवा न्यू जर्सीतले मराठी वाचक मला विचारतात तेव्हा माझं उत्तर वेगळं असतं, कारण तिथे दाखवू शकणारी माणसं आहेत. त्यांना सांगतो: मोठ्या दुकानाआधी घरी पैदास करणारा शोधा, आणि त्याच्या घरी जा. ज्या दिवशी तो सापांना खायला घालतो त्या दिवशी जा. तुमच्या पिलाने तुमच्या डोळ्यांसमोर आधी गोठवून मग कोमट केलेला उंदीर खाल्ला तर निम्मी काळजी मिटली. जर्मनीतल्या हाम शहरात भरतो तसा सापांचा बाजार बघायला जरूर जा, पण पहिला साप तिथून घेऊ नका. एका टेबलावरचा साप हातात घेऊन माणसं दुसऱ्या टेबलावरच्याला हात लावतात, आणि आजार असाच पसरतो. घरी आणल्यावर तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा, बॉल पायथन असेल तर सर्पंटोव्हायरसची चाचणी करून घ्या. आणि आकडा लक्षात ठेवा: कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो, बॉल पायथन वीस-तीस सहज. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं. कॉलेजात असताना घेतलेला साप तुमच्या मुलांच्या लग्नात असेल.

देशी सापांचा प्रश्नच येत नाही. नाग, धामण, तस्कर, दिवड, हरणटोळ यातला कुठलाही साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि सर्पमित्रालाही दुसऱ्या दिवशीपर्यंत "बघायला" ठेवायचा अधिकार नाही. पण एक जखम इथे उघडीच आहे. ती मांडुळाची. दोन्ही टोकं सारखी दिसणारा, मातीत राहणारा, उंदीर खाणारा हा गरीब साप. गुप्तधन दाखवतो, पैशाचा पाऊस पाडतो म्हणून त्याच्या वजनावर लाखांचे सौदे होतात. वजन वाढवायला त्याला नको ते खाऊ घालतात. साताऱ्याकडे एका पोलीस ठाण्यात जप्त केलेला मांडूळ मला ओळख पटवायला बोलावून दाखवला होता. पोट दगडासारखं घट्ट, डोळ्यांत माती. शेपटीला चटके देऊन तिला दुसऱ्या डोक्याचा आकार द्यायचा प्रयत्न केला होता. हा साप विकत घेणारा आणि बॉल पायथन विकत घेणारा यांची मनं वेगळी आहेत, हे मला मान्य आहे. एक लोभाने घेतो, दुसरा प्रेमाने. पिशवीत कोंबलेल्या सापाला हा फरक कळत नाही.

विषारी विदेशी साप आणणाऱ्यांबद्दल मात्र मला सौम्य बोलता येत नाही. 2025 च्या जूनच्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे 47 विषारी साप सापडले, बहुतेक इंडोनेशियातले पिट व्हायपर. आपल्याकडचं प्रतिविष चार सापांसाठी बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाहेरच्या सापाने दंश केला तर ते प्रतिविष कामाचं नाही. दर वर्षी सरासरी 58,000 माणसं सर्पदंशाने मरतात असा अंदाज असलेल्या देशात, जिथे तालुक्याच्या दवाखान्यात आपल्याच सापांचं प्रतिविष वेळेवर मिळायची मारामार, तिथे कुणाच्या हौसेचा व्हायपर डब्यातून निसटला तर डॉक्टरने काय करायचं?

भाच्याने अजून साप घेतलेला नाही. नाराजी आहे, आणि ती मी समजू शकतो.

शेवटी, ज्यांच्या घरी असा साप आधीच आहे त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे, कारण मला येणारे सगळ्यात घाबरलेले फोन त्यांचेच असतात. नोंदणी केली नाही, साप खात नाही, आईवडील ओरडताहेत, आणि फोनवर दबक्या आवाजात विचारणा, "काका, सिंहगडाच्या बाजूला सोडला तर चालेल का?" चालणार नाही. तो साप आपल्या थंडीत मरेल, किंवा त्याच्या अंगातला आजार धामणीला, अजगराला देऊन मरेल. लाल कानाची कासवं अशीच हौसेने आणली, कंटाळा आल्यावर तळ्यात सोडली आणि आता आपल्या तळ्यांतून काढता येत नाहीत. डब्यात एका बाजूला 31-32 अंश उब द्या, दुसरी बाजू 26 च्या आसपास राहू द्या, मध्ये तोंड लपवायला जागा द्या. जिवंत उंदीर रात्रभर डब्यात सोडू नका, तो सापाला कुरतडतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य तुमच्या शहरात नसेल तर पुण्या-मुंबईला घेऊन जा, फोनवर औषध विचारू नका. एखाद्या वकिलाला सोबत घ्या आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात जाऊन साप कसा आला ते खरं सांगा. आणि ज्याने विकला त्याचा नंबर पुसू नका, तो त्यांना द्या.